बार्टेलसाठी स्थळ पाहताना

मोर्टेलगेम,
बुधवार, २८ ऑगस्ट

तीर्थरूप लीव्हताईस,

धाकट्या रोमबाउटचा, गुडघ्यांमुळे वाकून करता येत नसलेला, पण मनापासूनचा नमस्कार. तू बरी असशील, भावोजींची पाठ बरी असेल, दोन्ही मुली आणि नातवंडं बरी असतील, असं धरून चालतो, कारण तू कधी कळवत नाहीस. तुझं नववर्षाचं कार्ड जानेवारीत मिळालं. छान होतं. त्यावर पवनचक्की होती. गेल्या वर्षीही पवनचक्की होती, त्याच्या आदल्या वर्षीही होती. मागे 'लीव्ह' एवढी सही आणि बाकी सगळी जागा कोरी. पंचेचाळीस वर्षांत पंचेचाळीस पवनचक्क्या झाल्या गं ताई. तक्रार नाही, पण तुझ्या त्या हॉलंडात काढायला दुसरं काहीच उरलं नाही का?

मी बरा आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे पाय मिठाच्या कोमट पाण्यात सोडून बसलोय, आणि वही मांडीवरच्या ट्रेवर आहे. (अक्षर वाकडं आलं तर ते ट्रेमुळे, पिण्यामुळे नाही. पिणं रात्रीच्या जेवणाबरोबर एक ग्लास, तेही ओडिलोन आला तर.) पाच दिवसांत तीन देश पाहून परत आलो. लोक म्हणतात, तुमचे देश एवढेसे, सकाळी न्याहारी करून निघावं तर दुपारपर्यंत दोन सरहद्दी ओलांडून होतात. होतात ना. पण या एवढ्याशा देशांनी पायऱ्या किती बांधून ठेवल्यात, ते मोजायला कोणी येत नाही.

गेलो होतो बार्टेलसाठी स्थळ पाहायला.

हसू नकोस. तुला बार्टेल काय सांगायचा! साडेचार मीटर उंची, आतून सगळी टोपली, वरून पहारेकऱ्याचा पायघोळ निळा अंगरखा, आणि त्याच्या आत आडव्या दांड्याला खांदा लावून घाम गाळणारा एक माणूस. गेली सदतीस वर्षं तो माणूस म्हणजे मी. बाबांनी त्याला एकावन्न साली विणला, आपण दोघं जन्मायच्या कितीतरी आधी, म्हणजे तसा तो आपला थोरला भाऊच. आजूबाजूच्या गावांतले मिरवणुकीचे पुतळे रीतसर लग्नं करतात, त्यांची बारशी होतात, गावाच्या नोंदवहीत पोराबाळांची नावं चढतात. आमचाच तेवढा त्र्याहत्तर वर्षं बिनलग्नाचा राहिला. कोणाचं काही अडत नव्हतं. पण यंदा गावाला सातशे वर्षं होतायत, आणि नगरपालिकेत संस्कृतीचं खातं सांभाळायला एक नवीन बाई आल्यात. (वय एकोणतीस. फार गोड बोलतात. एखादी वाईट बातमी द्यायची असली की आधी केक आणतात.) त्यांनी केक आणला आणि म्हणाल्या, एकटा पुतळा गावाची गोष्ट सांगत नाही हो, कुटुंब हवं. आठ सप्टेंबरच्या मिरवणुकीपर्यंत बार्टेलचं घरचं एखादं माणूस उभं करा, नाहीतर त्याला जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत काचेमागे कायमचं उभं करू, तिथे त्याची नीट काळजी घेतली जाईल. केक चांगला होता. मला घशाखाली उतरला नाही. ताई, तो चालण्यासाठी विणलाय. काचेमागे उभा राहण्यासाठी नाही.

तर समितीच्या अध्यक्ष वालबुर्गाबाई, गाडी चालवायला आणि ओझं उचलायला ओडिलोन, आणि मी, असे तिघं निघालो. बार्टेलचं धड घोडे वाहून न्यायच्या बंद गाडीत, आमच्या मोटारीमागे जोडलेल्या. डोकं पुढच्या सीटवर, पट्टा लावून. (मुलीकडच्यांना मुलगा दाखवायला नको?) त्यामुळे मी आणि वालबुर्गाबाई मागे, पाच दिवस गुडघ्याला गुडघा लावून. वालबुर्गाबाई तुला आठवत असतील, आपल्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि अजून भूगोलच शिकवतात. कुठल्याही गावात गाडी लावली की सरळ कामाला जाणं त्यांना माहीतच नाही. आधी देऊळ, मग तटबंदी, मग ज्या टेकडीवरून देऊळ आणि तटबंदी एकत्र दिसतात ती टेकडी. आम्ही मागे राहिलो की वर्गात मारायच्या तशी हाक मारतात, "रोमबाउट, मागच्या बाकावर काय चाललंय?" मी एकसष्ट वर्षांचा आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. ओडिलोनचं उलट. त्याला जेवणाच्या वेळा सोडून कशातच रस नाही, आणि तो दिवसाला दहा-बारा वाक्यांच्या वर बोलत नाही.

पहिलं स्थळ तुझ्या सासरच्या देशात, मास्त्रिख्तच्या पलीकडे, हॉइकेलराडे नावाच्या गावी. जाताना मास्त्रिख्तमध्ये बाईंनी आम्हाला तटाचा जुना दरवाजा दाखवला, मग दुसरा जुना दरवाजा दाखवला, मग डोंगराखालचे बोगदे. दोन तास थंडगार अंधारात चाललो. शत्रू आला तर लोकांना लपता यावं म्हणून, म्हणे. मी म्हटलं, बाई, शत्रू आत्ता माझ्या उजव्या गुडघ्यात आहे, त्याचं काय करू? त्या म्हणाल्या, उत्तरेकडची भिंत बघ.

हॉइकेलराडेच्या लोकांनी आमचं स्वागत तुझ्या लोकांच्या पद्धतीनं केलं. कॉफी आली, डबा फिरला, प्रत्येकानं एकेक बिस्किट घेतलं, आणि झाकण लागलं. ओडिलोन त्या झाकणाकडे बघत राहिला तो उठेपर्यंत. त्यांच्या अध्यक्षांनी बार्टेलच्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि तोंडावर विचारलं, "मुलाचं नाक मोडून जोडलंय का हो?" (नाकावरची ती रेघ अजून दिसते. ती कोणामुळे आली यावर मी काही बोलणार नाही.) वालबुर्गाबाई म्हणाल्या, जुनी गोष्ट आहे, स्वभावावर काही परिणाम नाही. मग मुलगी दाखवली. धिप्पाड, दोन वेण्या, हातात चीजचा गोळा. आम्ही मान हलवतोय तोवर कळलं की ती गेली बारा वर्षं शेजारच्या गावच्या एका पुतळ्याबरोबर राहते. लग्न न करता, दोन्ही गावांच्या संमतीनं. "हल्ली आमच्याकडे कोणी लग्नबिग्न करत नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण तुमचा फोटो पाहून उत्सुकता वाटली." एवढ्यासाठी आम्हाला बोलावलं! ताई, तू पंचेचाळीस वर्षं या लोकांत कशी राहिलीस?

दुसरं स्थळ लक्झेंबर्ग शहरात. तिथे शहर वर, नदी खाली आणि मधे सगळ्या पायऱ्या. आणि कड्याच्या पोटात पुन्हा बोगदे! मी प्रवेशद्वारापाशी बसकण मारली. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठलो. मुलीकडची मंडळी मात्र इतकी सभ्य, की नकार आहे हे समजायला दोन तास लागले. फ्रेंचमध्ये सुरू केलेलं वाक्य जर्मनमधून नेऊन त्यांच्या स्वतःच्या भाषेत संपवायचे, आणि दर वाक्याला आंबूस पांढऱ्या वाइनचा एक घोट. शेवटी निघालं असं की मुलगी एकुलती एक आहे, त्यांना तिला परगावी पाठवायचं नाही, तेव्हा मुलानंच इकडे यावं. घरजावई! बाबांचा बार्टेल घरजावई! वालबुर्गाबाई उभ्या राहिल्या, पर्स उचलली आणि म्हणाल्या, "आमचा मुलगा पहारेकरी आहे. त्यानं वेस सोडली तर गाव कोण राखणार?" भूगोलाच्या बाईंना मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून सलाम केला. मग बाहेर येऊन त्यांनी आम्हाला आणखी एक बुरूज दाखवला.

यादी संपली होती. परत फिरायचं, मिरवणुकीच्या दिवशी बार्टेलला शेवटचं खांद्यावर घ्यायचं आणि कापडबाजारात काचेमागे नेऊन उभं करायचं, एवढंच राहिलं होतं. एख्टरनाखच्या मठासमोरून गाडी गेली तरी बाई थांबा म्हणाल्या नाहीत, आणि तेव्हा मला खरंच भीती वाटली. थांबला तो ओडिलोन, कारण साडेबारा वाजले होते. गावाचं नाव लाउटरशाइड. नदीकाठी द्राक्षांचे मळे, चाळीसेक घरं आणि एक खानावळ. खानावळीत मेट्टी नावाचा एक वाइनवाला भेटला, सत्तरीचा, कमरेतून पार वाकलेला. त्यानं आमच्या गाडीतलं डोकं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, असली एक आमच्याकडेही आहे. बघता का? उचलायला बघू नका म्हणजे झालं. ज्यानं विणलीय त्या गाढवाला माप म्हणून घेता येत नव्हतं." मग स्वतःच हसला.

द्राक्षं दाबायच्या त्याच्या कोठारात, पिंपांच्या मागे, चादरीखाली ती उभी होती. मेट्टीनं चादर ओढली.

वालबुर्गाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "हीच! पोरं उंच होतील!" ओडिलोननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड चावायचं थांबलं. नाक आपलं होतं, ताई. आपल्या घराण्याचं, मधे उंचवटा असलेलं नाक, जे आजीनं आपल्याला दिलं आणि कोणालाच शोभलं नाही. डाव्या बाजूला हनुवटीवर तीळ. कपाळ असं आठ्या घालून, की आता काहीतरी उलट बोलणार.

तरी म्हटलं, नुसत्या नाकावर काय जायचं, नाकं काय कुठेही असतात. आपल्याकडे आत शिरल्याशिवाय कोणी होकार देत नाही, तसा मी झग्याचा घेर उचलून आत शिरलो. आणि दांडा छातीवर आपटला. बार्टेलचा दांडा खांद्याशी येतो, हिचा माझ्या छातीशी. बाहेर बघायची जाळीची खिडकी तर त्याहून जरा वर, गळ्याशी. मी मेट्टीसारखा वाकलो, उचलून पाहिली आणि चकितच झालो. बार्टेल सत्तर किलोचा आहे. ही तीस किलोही नसेल, इतकी बारीक, इतकी निवडून घेतलेली डहाळी मी बाबांच्या हातचीच काय, कोणाच्याच हातची पाहिली नव्हती. आणि खिडकीच्या वर तीन काळ्या डहाळ्यांची वेणी. बाबांची खूण. मी तिथेच आत बसलो. बाहेरून बाई विचारतायत, "काय रे, पसंत आहे ना?" आणि मी आत बसून ती वेणी पुन्हा पुन्हा बघतोय.

मेट्टीनं मग सगळं सांगितलं. एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात एक फ्लेमिश माणूस, म्हणजे आपल्याच भागातला, दर दुसऱ्या शनिवारी यायचा, कबुतरांचे दोन पिंजरे घेऊन. नदीकाठची डहाळी कापायचा आणि मेट्टीच्या वडिलांच्या या कोठारात विणत बसायचा. वाइन देऊ केली तर नको म्हणायचा, त्यामुळे गावानं त्याला आधी लफंगा ठरवलं होतं. मेट्टीच्या वडिलांनी दांडा पाहून सांगितलं, अहो, हा फार खाली झालाय, कोण उचलणार? तो म्हणाला, "माप बरोबर आहे." वसंतात काम संपलं. म्हणाला, वेळ आली की येऊन घेऊन जाईन. पुढे आलाच नाही. बरीच वर्षं वाट पाहून गावानं तिला बाहेर काढलं, आणि तेव्हापासून लाउटरशाइडमधला जो जो पुरुष तिच्या खाली गेला तो तो वाकडा होऊन बाहेर आला. मेट्टीनं सव्वीस वर्षं तिला उचललं. (घरून बाबा कबुतरं शर्यतीला सोडायला म्हणून निघायचे, आणि आम्ही म्हणायचो, बाबांची कबुतरं एकही शर्यत जिंकत नाहीत. जिंकणार कुठून, ती पिंजऱ्याबाहेरच आली नव्हती.)

आता ती गोष्ट काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तेव्हा काढतो, तू रागाव. एकोणऐंशीची मिरवणूक. तू एकोणीस वर्षांची, उंची एक मीटर चोपन्न. मुलींनी बार्टेलच्या खाली जायचं नाही, असं बाबा सगळ्या समितीसमोर म्हणाले, आणि तू पहाटेच जाऊन त्याच्या आत बसलीस. बाजारचौक ओलांडलास, देवळासमोर वळलीस, लोकांना वाटलं कोणी नवीन गडी आहे, जरा बुटका आहे पण चालतो झोकात. मी मागून चालत होतो, मला तुझे बूट ओळखू आले, मी बोललो नाही. पुलावर दगड ओले होते. बार्टेल तोंडावर पडला, नाक फुटलं, आणि तू अंगरख्यातून बाहेर आलीस तेव्हा बाबांनी पुलावर, पूर्ण गावासमोर, तुला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळच्या गाडीनं तू गेलीस. मग एकदाच आलीस, बाबा गेले तेव्हा. देवळात मागच्या बाकावर बसलीस आणि नंतर घरी कॉफीला न थांबता निघून गेलीस. मी तुला त्या दिवशी दारापर्यंत सोडायला यायला हवं होतं. आलो नाही. पाहुण्यांना पाव वाढत राहिलो.

असो. तर लग्न मोडलं. वालबुर्गाबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या पिंपावर बसल्या आणि म्हणाल्या, एकाच बापाची लेकरं, कसं लावणार? मग त्यांनीच डोकं चालवलं. केकवाल्या बाईंनी 'घरचं माणूस' म्हटलंय, बायको म्हटलेलं नाही. बहीण घरचीच ना? फोन झाला, बहीण चालेल, नव्हे, फारच छान, असं उत्तर आलं. लाउटरशाइडचे लोक तर तिला नेताय म्हटल्यावर इतके खूश झाले की आम्हाला दोन पेट्या वाइन दिली आणि मेट्टीनं पहिल्यांदा पाठ सरळ करून पाहिली. होत नाही आता ती सरळ. तिला घोड्यांच्या गाडीत बार्टेलशेजारी बांधून आणलं. सध्या दोघं बाबांच्या टोपल्यांच्या कारखान्यात उभी आहेत. एकमेकांकडे बघत नाहीत, आपल्याच घरातली आहेत. तर बार्टेल काचेमागे जात नाही, माझं काम झालं, आणि मी पाय शेकत बसलोय. सगळं ठीक आहे. हे नुसतं कळवण्यासाठी लिहिलं, तू काही मनावर घेऊ नकोस.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा दमलेला भाऊ,
रोमबाउट

ता.क. एक बारीकशी अडचण आहे. तिला उचलणार कोण? ओडिलोननं काल प्रयत्न केला. तो एक मीटर ब्याण्णव. त्याचं डोकं तिच्या छातीत अडकलं आणि काढायला साबण लागला. तुझी थोरली सांगत होती (हो, मी तिला फोन करतो, अधूनमधून, चिडू नकोस) की तू अजून रोज पंधरा किलोमीटर सायकल मारतेस आणि वाऱ्याला शिव्या देतेस.

ता.ता.क. पत्र बंद करून स्वयंपाकघरात गेलो होतो, पुन्हा उघडलं. दाराच्या चौकटीवर बाबा आपल्या उंचीच्या रेघा मारायचे ना, त्यातली तुझी शेवटची रेघ अजून आहे. दर उन्हाळ्यात चौकटीला रंग लागला, तेवढी जागा सोडून. मी फूटपट्टी घेऊन रेघेखाली डोळे कुठे येतील ते मोजलं आणि कारखान्यात जाऊन खिडकी मोजली. दोनदा मोजली. बाबांचं माप चुकलं नव्हतं. त्यांनी तुला बोलावलं नाही, कारण त्यांना बोलावता येत नव्हतं, एवढंच त्यांना विणता आलं. मलाही कुठे येतंय? हे सगळं लिहायला सहा पानं लागली.

ता.ता.ता.क. ओडिलोन सात तारखेला, शनिवारी, दहा वाजता तुझ्या दाराशी गाडी घेऊन येईल. त्याला न्याहारी दे, आणि डब्याचं झाकण उघडं ठेव. समितीला तू येतेस असं मी सांगून टाकलंय, कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. तरी नाही म्हणायचं असेल तर एक पवनचक्की पाठव, मला कळेल. यायचं असेल तर काही पाठवू नकोस. रबरी तळव्याचे बूट तेवढे घाल. पुलावरचे दगड तेच आहेत.